पाच सिनेमांतलं एकच पडणं

बाईंना सिनेमात कोणी कधी सुखाने जगू दिलं नाही. कधी भुताने गळा दाबला, कधी चोरांनी खुर्चीला बांधलं, आणि एवढं सोसूनही नायक लग्न करायचा ते दुसरीशीच. सिनेमेही तसलेच, महिन्याभरात उरकलेले, बड्या सिनेमाच्या आधी जोडीला दाखवायचे. स्टुडिओत लाकडी जिना एकच होता. रंग बदलला की तोच राजमहाल, तोच भुताचा बंगला, तोच तस्करांचा अड्डा.

बाईंचं नाव झालं ते या जिन्यामुळे. कठडा मोडतो आणि त्या वरून थेट खाली कोसळतात, असं एक दृश्य होतं. लोक श्वास रोखून बघत आणि मग शिट्ट्या मारत. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बेधडक बाई’ करून टाकलं. खरं सांगायचं तर बेधडक बाई झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढत.

पडली होती ती त्यांची धाकटी बहीण. ती स्टुडिओतच कपड्यांना इस्त्री करायची. बांधा सारखा, वर केसांचा टोप चढवला की ओळखू येऊ नये. त्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, “खालची गादी कॅमेऱ्यात दिसतेय, जरा बाजूला घ्या.” सरकलेली गादी पाहून बाई कठड्यापासून दोन पावलं मागे सरल्या.

“माझ्या चेहऱ्याला काही झालं म्हणजे?” त्या म्हणाल्या. “धाकटीला सांगा ना. ती करेल.”

धाकटीने इस्त्री उभी करून ठेवली. “ताई म्हणतेय तर करते,” म्हणाली आणि झगा बदलायला गेली.

तिच्या कमरेचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. पडणं मात्र झकास आलं होतं. निर्माता त्यावर इतका खूश, की पुढच्या चार सिनेमांतही त्याने तोच तुकडा चिकटवला. तो जुळावा म्हणून बाईंना दर वेळी तोच पिवळा झगा घालावा लागे. इस्त्री धाकटीच करायची, आता स्टुलावर बसून. झगा हातात घेताना बाईंना तिच्याकडे बघवत नसे. आणि मुलाखतीत कोणी विचारलंच, तर त्या मान उडवून म्हणत, “कॅमेऱ्यासमोर भीती कसली!” पुढे कामं संपली, बाकीचे सगळे संवाद त्या विसरल्या, हा तेवढा राहिला.

दोघी म्हाताऱ्या झाल्या, एकाच घरात. मग जुन्या सिनेमांच्या एका मंडळाने बाईंचा सत्कार ठरवला.

“आज मी सांगून टाकणार आहे,” सकाळी केस विंचरताना बाई म्हणाल्या. “कोण पडलं होतं ते.”

“बघ बाई, तुझं तू,” धाकटी म्हणाली. पण तिने ठेवणीतले कपडे काढले, आणि निघताना दोनदा आरशात पाहिलं.

पडद्यावर पिवळा झगा, म्हणजे कृष्णधवल सिनेमात करडाच दिसणारा, जिन्यावरून कोसळला. टाळ्या पडल्या. दिवे लागले, बाईंच्या हातात माइक आला. त्यांनी हारतुऱ्यांबद्दल आभार मानले, मंडळाचं कौतुक केलं, हवेबद्दलही बोलल्या. मूळ गोष्ट काही तोंडातून निघेना. चिटणीस म्हणाले, “कोणाला काही विचारायचंय?”

पहिल्या रांगेतून काठी टेकत धाकटीच उठली.

“जिन्यावरून पडताना तुम्हाला भीती नाही का वाटली?” तिने विचारलं. चक्क ‘तुम्हाला’ म्हणाली.

बाईंना कळलं. ही आपली वाट सोपी करून देतेय. ‘हे तुलाच ठाऊक’ एवढं म्हटलं की झालं. सगळं सभागृह कौतुकाने त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

“कॅमेऱ्यासमोर भीती कसली!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटीनेही काठी काखेत धरून टाळ्या वाजवल्या. बाईंना तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. शरमेने कान तापले. मंचाला दोन-तीनच पायऱ्या होत्या, पण त्यांचं पाऊल पुढे पडेना.

खाली धाकटी येऊन उभी होती. तिने हात पुढे केला.

“धर, ताई,” ती म्हणाली. “जपून उतर. तुला पडायची सवय नाही.”