मशीन थांबली की भिंगरी उठते

माझी मावशी कपडे आल्टर करते. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक पायमशीन आणि कोपऱ्यात तिची आठ वर्षांची पोरगी. तिला सगळे भिंगरीच म्हणतात. वही काढायला म्हणून उठेल आणि रंगांप्रमाणे बटणं लावत बसेल. शाळेने सांगून टाकलंय, शुक्रवारपर्यंत सहाच्या सहा वह्या पूर्ण नसतील तर पुढच्या वर्षी जागा नाही.

शाळेच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, काम छोटं छोटं करून द्या, डोळ्यांना दिसेल असं. मावशीने काय करावं? शर्टाचे कापलेले भाग ओळीने टाचतात ना, तशा दोरीला अकरा चिठ्ठ्या टाचल्या! ते बघून भिंगरी थेट टेबलाखाली. मग मावशीने आठ काढल्या, तीन ठेवल्या. वही उघड, पाच ओळी लिही, मला दाखव. आणि जमलं! खरंच जमलं! फक्त शेजारी मशीन चालू पाहिजे. आवाज थांबला की ही बया दारात.

मी मोबाइलवर मशीनचा आवाज लावून बघितला. "ताई, हे खोटंय," म्हणाली आणि पळाली.

आता आल्टरमध्ये आधी उसवायचं, मगच शिवायचं, आणि उसवायला मशीन थांबवावी लागते. म्हणून मावशी आठवडाभर नुसत्या चिंध्यांवर शिलाई मारतेय. गिऱ्हाइकांचं सगळं तसंच पडलंय.

गुरुवारी संध्याकाळी कोट आल्टरला दिलेले एक गिऱ्हाईक तो न्यायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलाखत.

"झाला?"

"उसवायचाय अजून, दादा."

"मग हे काय शिवताय? चिंधीला झालर?"

"पोरीची वही शिवतेय," मावशी म्हणाली. पाय चालूच.

मला राहवेना. मी म्हटलं, आण, मी उसवते! ब्लेड घेतलं आणि दुसऱ्याच टाक्याला अस्तर टर्रकन फाडलं.

मशीन थांबली. भिंगरी उठली.

"बस खाली!" मावशी ओरडली आणि पुन्हा पाय मारायला लागली. कोटवाल्यांनी माझ्या हातातून कोट ओढला. "दुकान बंद करा तुम्ही," म्हणाले आणि गेले. त्यांच्याकडे बघायलासुद्धा तिला थांबता आलं नाही.

"आई, पाच झाल्या. बघ ना."

मावशीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तिला एक अक्षर दिसत नव्हतं.

"छान. पुढच्या पाच," ती म्हणाली.

अजून दोन वह्या कोऱ्या होत्या.