रंगशेठांचं हिरवं पाणी

घरात पोहण्याचा तलाव आहे म्हटलं की लोक डोळे विस्फारतात. काय नशीब काढलंय, म्हणतात. पाहुणे येतात, काठावर बसून पाय बुडवतात, वा वा करतात आणि आपापल्या घरी निघून जातात. मागे उरतो मालक, हातात जाळी घेऊन मेलेले किडे वेचत. हे घर घेताना रंगशेठांना कोणी हे सांगितलं नव्हतं. अर्थात सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. रंगशेठ कोणाचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हतेच.

त्यांचा धंदा कापड रंगवण्याचा. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. सगळा बाजार रंगशेठच म्हणायचा. दोऱ्याचा एवढासा तुकडा नेऊन दाखवा, त्याच छटेचं अख्खं ठाण ते रंगवून द्यायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "माझा रंग चुकत नाही. तुम्ही डोळे तपासून या." आता दुकान थोरला मुलगा बघत होता आणि शेठ बायकोला घेऊन गावाबाहेरच्या या घरात राहायला आले होते. तेही हौस म्हणून नव्हे, काकूंच्या गुडघ्यांपायी.

काकूंचे गुडघे पार झिजले होते. हृदय कमजोर, त्यामुळे ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "यांना पाण्यात चालवा. पाण्यात अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही. चालणं थांबलं तर पाय आखडतील, आणि एकदा आखडले की मग कायमची खुर्ची." सार्वजनिक तलावात शिडी उभी आणि पोरांची ढकलाढकली. म्हणून हे घर. इथल्या तलावाला रुंद पायऱ्या होत्या आणि धरायला कठडाही होता. पहिल्याच दिवशी काकू काठीशिवाय या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि तिकडूनच ओरडल्या, "अहो, मी चालतेय बघा!" शेठना भरून आलं. मग ते पंपाकडे वळले आणि उगाचच त्याचे नट हाताने चाचपत बसले.

सुख संपलं ते तिथेच. कारण दुसऱ्या दिवसापासून त्या पंपाने शेठच्या नाकी नऊ आणले.

कधी तो नुसताच गुरगुरायचा आणि पाणी ओढायचाच नाही. कधी ओढायचा तर पाण्याबरोबर हवाही ओढायचा, आणि सगळ्या नळ्या दम लागल्यासारख्या थरथरायच्या. गाळणी धुवायला एक दांडा होता. शेठनी तो पंप चालू असतानाच फिरवला. गाळणीत साठलेला सगळा चिखल परत तलावात! शेठ तोंडाला येईल ते बोलले, दांड्याला, पंपाला आणि घर विकून मोकळ्या झालेल्या जुन्या मालकाला. मग तलावाची औषधं विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"शेठ, आधी पंप बंद करायचा, मग दांडा फिरवायचा."

"मग तसं दांड्यावर लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलंय, शेठ."

लिहिलेलं होतं. तांबड्या अक्षरात. शेठनी फोन ठेवून दिला आणि दिवसभर जाळीने चिखल उपसत बसले. काकूंना त्या दिवशी उतरता आलं नाही, आणि संध्याकाळी पलंगावरून उठताना त्यांच्या तोंडून हाय निघाली. ती शेठना ऐकू आली. एक दिवस चुकला तर ही गत, मग आठवडा चुकला तर काय? या विचाराने त्यांचं डोकं आणखी तापलं.

पंप कसाबसा ताळ्यावर आला, तर पाण्याने दगा दिला. सकाळी शेठ चहाचा कप घेऊन काठावर आले आणि थबकले.

"गेलं! शेवाळं धरलं! हिरवं पडलंय पाणी."

काकू दारात काठी टेकून उभ्या होत्या. "मला तर निळंच दिसतंय."

"तुला काय कळतंय रंगातलं? पडदे आणायला गेलीस तेव्हा मोरपंखी कुठला आणि निळा कुठला, हे तुला मी दाखवलं होतं."

काकूंनी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. खरं तर या बाईची ख्याती अशी की लग्नापासून तिने नवऱ्याचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. चहात साखर किती इथपासून मुलाला कोणत्या शाळेत घालायचं इथपर्यंत प्रत्येक गोष्टीवर वाद. त्या दिवशी मात्र गप्प बसल्या. शेठना ते जाणवलंसुद्धा नाही. ते डबा उघडून क्लोरीनची पावडर मोजत होते.

पाणी तपासायला कागदी पट्ट्या मिळतात. पट्टी पाण्यात बुडवायची, तिच्यावरचा ठिपका रंग बदलतो, आणि तो बाटलीवर छापलेल्या चौकटींशी जुळवून बघायचा. पांढऱ्यापासून गर्द जांभळ्यापर्यंत चौकटी. क्लोरीन जितकं जास्त तितकं जांभळं. शेठ खूश झाले. "चला, एकदाचं आपल्या धंद्यातलं काहीतरी निघालं!" जन्मभर रंगाला रंग जुळवलेला माणूस, त्याच्यापुढे हे म्हणजे किस झाड की पत्ती!

पट्टी बुडवली. ठिपका मातकट झाला. बाटली डोळ्यांसमोर धरली, तर तिच्यावरच्या चौकटीही सगळ्या मातकट. एक थोडी फिकी, एक थोडी काळपट, पण सगळ्या एकाच पिंपातून काढलेल्या. कुठली कुठे जुळवायची? शेठनी बाटली उजेडात नेली, सावलीत नेली, उलटी धरली. शेवटी तडक औषधवाल्याचं दुकान गाठलं.

"ही छपाई आहे? याला रंग म्हणतात? माझ्या दुकानात कोणी असं काम केलं असतं तर मी त्याला उभा केला नसता!"

दुकानदाराने मुकाट्याने दुसरी बाटली काढून दिली. तीही तशीच. शेठनी ती केराच्या डब्यात टाकली आणि जाहीर करून टाकलं, "कागदाचा तुकडा मला रंग शिकवणार? पाणी बघून मला कळतं."

आणि ते पाणी बघूनच चालले. हिरवट दिसलं की पावडर. दुसऱ्या दिवशीही हिरवटच, मग आणखी पावडर. गुडघे टेकून भिंती घासल्या, तळ घासला. कुंपणाशी एक झाड होतं, त्याची पानं पडतात म्हणून त्याच्या फांद्या छाटल्या. झाड बोडकं झालं, पाणी तसंच. मग उन्हाला शिव्या, मग पावडरीच्या कंपनीला. मनाला एकच गोष्ट कुरतडत होती: हिच्या चालण्यासाठी एवढं घर घेतलं, आणि साधं पाणी मला राखता येत नाही!

काकू रोज उतरत होत्या. पहिल्यासारखं हसत मात्र नव्हत्या. डोळे लाल व्हायचे, केस काथ्यासारखे झाले होते. कधी म्हणायच्या, "आज राहू दे, अंगात कणकण आहे." शेठ खवळायचे. "कणकण कसली? आळस आहे हा. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्यात? चल, उतर." काकू कठडा धरून उतरायच्या, आणि त्या चालत असताना शेठ काठावर उभे राहून पाण्याचा रंग न्याहाळायचे.

मग एक दिवस काकूंच्या पोटऱ्यांवरची कातडी फुटली आणि तिच्यातून पाणी यायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी मलम लावलं, पट्ट्या बांधल्या आणि विचारलं, "कसल्या पाण्यात उतरवताय यांना? हे भरून येईपर्यंत पाणी बंद." काकू खुर्चीत बसल्या. बघता बघता पाय आखडायला लागले. न्हाणीघरापर्यंत जायला आता शेठचा खांदा लागायचा, आणि तेवढ्या अंतरातही दोनदा थांबावं लागायचं.

शेठचा संयम सुटला. दुकानात जाऊन त्यांनी दुकानदाराचा दंडच धरला. "गल्ल्यावर बसून अक्कल पाजळताय ना? चला घरी. बघा आपल्या औषधाचे प्रताप!"

दुकानदार जाड अंगाचा, थंड डोक्याचा माणूस. आला, काठावर उभा राहिला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

"शेठ, हिरवं पाणी कुठाय?"

"हे काय समोर! आंधळे आहात का?"

"अहो, हे तर लख्ख निळं आहे. तळाची फरशी मोजून घ्या." तो खाली वाकला आणि झटकन मागे सरला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. खिशातून पट्टी काढून त्याने बुडवली. "अरे बापरे! शेठ, ही गर्द जांभळी झाली. किती पावडर ओतलीत? यात माणूस उतरवायचा असतो का? यात रंगीत कापड टाकलं तर पांढरं होऊन निघेल!"

"जांभळी? ही जांभळी? मातकट आहे ही!"

"जांभळी आहे, शेठ."

"मला रंग शिकवता? मला?"

शेवटी दुकानदाराने पट्टी काकूंपुढे धरली. "काकू, तुम्हीच सांगा आता."

काकूंनी पट्टी हातात घेतली. पायांच्या पट्ट्यांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मातकटच आहे. हे म्हणतायत ना, तसंच."

दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. काय ते त्याला कळलं असावं, कारण पुढे त्याने वाद घातला नाही. "शेठ, आता काही टाकू नका," एवढंच म्हणाला. "पंप चालू ठेवा, ऊन पडू द्या. आपोआप उतरेल." आणि निघून गेला.

"पाहिलंस? कसा शेपूट घालून पळाला!" शेठ हातावर हात चोळत म्हणाले. आणि मग त्यांचे हात थांबले. ते काकूंच्या समोर येऊन बसले.

"तू हो म्हणालीस."

"मग काय झालं?"

"तू मला कधी हो म्हणतेस?"

काकू पदराशी चाळा करत बसल्या. शेठनी पट्टी त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा त्यांच्यासमोर धरली. "खरं सांग. कुठला रंग आहे?"

"जांभळा," काकू म्हणाल्या. "गर्द जांभळा आहे, हो."

"आणि पाणी?"

"निळं. रोज निळंच होतं."

शेठनी पट्टी खाली ठेवली. मग काकूंनी सगळं सांगून टाकलं. निळ्या-जांभळ्यात शेठचं कधीपासून चुकायला लागलं होतं. गिऱ्हाइकं थोरल्याला बाजूला घेऊन सांगायची, आणि तो बिचारा बापाच्या नकळत ठाणं पुन्हा रंगवून द्यायचा. "एकदा डोळे दाखवायचा विषय काढला होता मी. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मग थोरल्याला सांगितलं, कोणी काही बोलायचं नाही. सगळा जन्म रंगावर काढलात. तोच काढून घेतला तर या माणसाकडे राहणार काय?"

दुखणं हेल्याला अन् इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते हेच. डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, त्याच्या पिवळट पडद्यातून निळं ते हिरवं आणि जांभळं ते मातकट दिसत होतं, आणि औषध तलावाला चाललं होतं.

शेठना राग आला. भयंकर आला. पण तो काढायला कोणी उरलंच नव्हतं. दुकानदार खरा होता, पट्ट्या खऱ्या होत्या, बाटलीची छपाईसुद्धा खरी होती. त्यांनी काकूंच्या पायांकडे पाहिलं.

"पाणी झोंबत होतं?"

"आग व्हायची अंगाची."

"मग उतरायचीस कशाला?"

"तुम्ही राबायचात ना एवढे. आणि नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतंत, मग रंगाचं बोलावं लागलं असतं."

शेठना स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की उठून आत जायचंही सुचेना. तिथेच खाली फरशीवर बसून राहिले, खुर्चीला टेकून. काकूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला.

थोरल्याला फोन गेला आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ ठरली. तोवर शेठना एकच काम होतं: काही न करणं. पावडरीचा डबा कपाटात बंद. रोज सकाळी काठावर यायचं, पाणी हिरवं दिसायचं, हात शिवशिवायचे, आणि तसंच परत फिरायचं. एवढं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. दुकानदाराकडून पट्ट्यांची नवी बाटली आणली होती, आणि पट्टी आता काकू खुर्चीत बसून बघायच्या. "अजून गर्द आहे," म्हणायच्या. शेठ "बरं" म्हणायचे आणि पंपापाशी जाऊन त्याला चार शिव्या घालून यायचे.

कातडी भरून आली. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. सकाळी काकूंनी पट्टी बाटलीला लावली, पुन्हा एकदा नीट पाहिली आणि म्हणाल्या, "फिकी जांभळी. उतरते मी आज."

शेठनी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, मग कंटाळून सोडले आणि कपड्यांनिशी आधी स्वतः पाण्यात उतरले. काकूंचे दोन्ही हात धरले. पाय इतके आखडले होते की एकेका पायरीला श्वास घ्यावा लागत होता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं.

"झोंबतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही, हो."

पण त्या शब्दावर आता त्यांचा भरवसा नव्हता. काकूंनी एक पाऊल पुढे टाकलं की ते एक पाऊल मागे सरायचे, असे दोघं त्या टोकाकडे निघाले. आणि शेठची नजर एकदाही पाण्याकडे गेली नाही. ती सबंध वेळ काकूंच्या चेहऱ्यावर होती.