टाकीला भात जास्त झाला

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी घरातला एकुलता एक भरलेला सिलिंडर अभनपूर गावच्या मेहुण्याला देऊन टाकला. त्याने मागितलाही नव्हता.

मस्ती होती ती छतावरच्या टाकीची. तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यातल्या घरावर मी बायोगॅसची टाकी बसवून घेतली होती. वरून सालं, शिळंपाकं टाकायचं, नळीने खाली शेगडीला गॅस. दोन वेळचा चहा आणि वरणभात त्यावर व्हायचा. मी रसायनशास्त्राचा मास्तर, एवढ्यावर दूधवाल्यालासुद्धा व्याख्यान द्यायचो, "भैया, पेट्रोलचे दिवस भरले. उद्या हायड्रोजन येईल, तोवर हे!" तो दूध मापून निघून जायचा.

यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदाच आमच्याकडे होत्या. इतकी वर्षं त्या समोरच्या घरी, थोरल्या वहिनींकडे बसायच्या. गुडघे थकले म्हणून वहिनींनी मुखवटे बायकोच्या ओटीत घातले होते. बायकोला एकच धास्ती, वहिनींसमोर काही कमी पडू नये. मला म्हणाली, "एवढे तीन दिवस प्रयोग नको."

मी "हव" म्हणालो आणि गणपतीच्या भंडाऱ्यात उरलेला दोन बादल्या भात टाकीत ओतला. खाणं दुप्पट तर गॅस दुप्पट, हे माझं शास्त्र. टाकीचं झाकण खरंच इतकं वर आलं, की आरास करायला आलेल्या बायकांना मी जिन्याने वर नेऊन ते दाखवलं. त्याच तोऱ्यात सिलिंडर अभनपूरला गेला. संध्याकाळी चहाला ज्योत जरा मरतुकडी वाटली. मी नळी झटकली.

जेवणाच्या दिवशी सकाळी बायकोने पुरणाची डाळ शेगडीवर ठेवली. बटण फिरवलं, सूंऽऽ आवाज आला. काडी विझली. दुसरीही विझली.

"गॅस तर येऊन राहिला," वहिनी म्हणाल्या, "मग पेटत काहून नाही?"

मी वर धावलो. टाकीत लिटमसचा निळा कागद बुडवला, तो तत्काळ लाल झाला. एकदम एवढा भात पडला की टाकी आंबते आणि वायू बनतो तो बहुतेक काडी विझवणारा. हेच आंबट-लाल मी जन्मभर पोरांना शिकवत आलो होतो.

मेहुण्याला फोन केला. "जीजाजी, वो तो लगा लिया. कढ़ाई चढ़ी है."

खाली येऊन मी तोंड वाचवायला म्हणालो, "वहिनी, यात थोडा हायड्रोजनही असतो बरं."

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाळीचं पातेलं उचललं आणि भर सकाळी, सगळ्या पाऱ्यादेखत, गल्ली ओलांडून वहिनींच्या स्वयंपाकघरात नेलं. मागून मी, डोक्यावर कढई. ज्या घरातून मान आमच्याकडे आला होता, त्याच घरी पुरण शिजलं, सोळा भाज्या झाल्या, आंबीलही तिथेच झाली. नैवेद्याला उशीर झाला. बायको आल्यागेल्याला हसून वाढत होती; डोळे मात्र लाल होते, माझ्या लिटमससारखे.

पंगतीत मी मान खाली घालून जेवलो. पण वहिनींच्या हातची, ज्वारीच्या पिठाची ती आंबट आंबील म्हणजे माझा जीव. राहवलं नाही. वाटी पुढे केली, "वहिनी, अजून थोडी?"

वहिनींनी पळी हवेतच थांबवली.

"भाऊजी, छतावर टाकीभर करून ठेवली ना तुम्ही? ती संपवा आधी."