आवाज टिपणारा साडू

माझ्या साडूने मला फसवलं. माझी एकुलती एक मुलगी, माझ्या मंडप डेकोरेशनच्या दुकानाची उद्याची मालकीण, त्याने माझ्याच तोंडून वदवून घेऊन पळवली, आणि वर चेहरा असा केला की जणू मीच त्याला गळ घातली होती. माझे वडील मिठागरात राबले. मी दुसऱ्याच्या मांडवाचे बांबू वाहत वाहत स्वतःचा मांडव उभा केला. बांबूवाला, कापडवाला, आचारी, बँडवाला, कुणीही मला भावात हरवलेलं नाही. गिऱ्हाईक पायरीवर चपला काढतं तेवढ्यात ते किती ताणेल हे मला कळतं. अशा माझ्यासारख्याला गंडवलं कुणी, तर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने. बाजारात कोळीण त्याला कालची मासळी आजची म्हणून देते आणि हा ‘थँक्यू मावशी’ म्हणून घरी घेऊन जातो. चौलपासून पनवेलपर्यंत इतका भोळा आणि इतका पोचलेला माणूस दुसरा नाही.

हा माणूस घरात येतो तो बोलायला नाही, ऐकायला. आमची मंडळी पाणी घेऊन उभी असते आणि साडू दारातच मान वाकडी करून थांबलेला असतो. “शेठ, तुमच्या फ्रीजची घरघर वाढलीय.” दोन घोट पाण्यानंतर, “आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खोबरं किसतंय.” कॉलेजात त्याने मुलांचा एक फिल्म गट काढला आहे. मुलांनी आसपासच्या माणसांच्या छोट्या छोट्या फिल्म करायच्या, कॅमेरे आणि माईक कसे लावायचे हे यांनी शिकवायचं. शूटिंग कुणाच्या स्वयंपाकघरात असलं की तो आधी फ्रीज बंद करतो. एकदा आमच्या मेहुणीने भरून ठेवलेली पापलेटं अशाने नासली. तेव्हापासून त्याने युक्ती काढली की फ्रीज बंद केला की स्कूटरची चावी त्याच फ्रीजमध्ये ठेवायची. चावीशिवाय घरी जाता येणार नाही, चावी घेताना फ्रीज चालू करण्याची आठवण होईल. युक्ती उत्तम आहे. फक्त एकदा तो चौलला एका बाईंच्या घरचं शूटिंग आटपून गप्पा मारत मारत थेट एसटीत बसून घरी आला आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून माझ्याकडे रडू लागला.

पहिल्यांदा त्याने माझ्याकडे ‘मुलांच्या शूटिंगसाठी साउंडची सोय’ मागितली, तेव्हा मी काय पाठवणार? माझा धंदाच आवाजाचा. टेम्पो भरून माणसाच्या उंचीचे स्पीकर पाठवले, मिक्सर पाठवला, वीज गेली तर असावा म्हणून जनरेटरही पाठवला. माझी इज्जत होती त्यात. साडू कॉलेजच्या फाटकात उभा राहून त्या स्पीकरांकडे असा बघत होता, जणू कुणी दारात हत्ती आणून बांधला आहे.

“शेठ,” तो म्हणाला, “मला आवाज सोडायचा नाहीये. आवाज घ्यायचाय.”

“मग तसं बोला ना साडूभाऊ. डिझेल जळलं माझं.”

“तुमच्याकडे गळ्यात अडकवायचे माईक आहेत, ते द्या. आणि कॅमेऱ्याचे दोन स्टँड.”

आता इथे नीट लक्ष द्या, कारण फसवणूक इथे झाली. फुकट मी काहीच देत नाही. मी म्हणालो, प्रत्येक फिल्ममध्ये माझ्या दुकानाचा बोर्ड दिसला पाहिजे. तो लगेच हो म्हणाला. समोरचा लगेच हो म्हणाला की मला खाज सुटते, वाटतं अजून मागायला हवं होतं. म्हणून मी दुसरी अट घातली. माझा माल पोरांच्या हातात जाणार, तर देखरेखीला माझी प्राची तिथे बसेल. प्राची तेव्हा अकरावीत, त्याच कॉलेजात. यावर साडूने तोंड पाडलं. “नको हो. तिला कंटाळा येईल. शिवाय तुमच्या दुकानात तिची गरज असते.” तो जितका नको म्हणाला तितका मी चढत गेलो. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणालो, “प्राची बसेल, नाहीतर माईक मिळणार नाहीत.” तो उसासा टाकून कबूल झाला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की आज मास्तराला बरोबर कात्रीत पकडला. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “भावोजी गेल्या दिवाळीपासून म्हणतायत, या पोरीला कान आहे म्हणून. तुमच्याकडे मागायची कशी हेच त्यांना सुचत नव्हतं.” त्या दिवशीची भाकरी मला गेली नाही.

प्राची म्हणजे माझीच प्रत होती. दहा वर्षांची असताना ती गिऱ्हाइकाला सांगायची, काका, हा दर पप्पांना विचारू नका, ते चिडतात, मीच सांगते. गल्ल्याशेजारी तिची खुर्ची मी आधीच आणून ठेवली होती, पुढच्या वर्षीपासून तिने रोज तिथे बसायचं असं माझं ठरलं होतं. आणि ती जाऊन बसली कुठे, तर हेडफोन लावून एका गोणपाटावर, साडूच्या पायाशी.

साडूची शिकवण्याची पद्धत मी माल तपासायला म्हणून जाऊन बघितली आहे. जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारतो, माणसाने कुठे बसायचं, कॅमेरा कुठे. मुलांना सांगतो, “एक कॅमेरा सगळ्यांना बघणार, दुसरा एकालाच बघणार. दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं नाही, सासू-सुनेसारखं.” गळ टाकायच्या काठीला माईक बांधून तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायला लावतो. आमच्याकडचा खारा वारा माईकमध्ये घुसला की नुसती फडफड ऐकू येते, म्हणून माईकला केसाळ टोपी लागते. ती कुठून आली हे मला एका लग्नात कळलं. नवरानवरीच्या सिंहासनाच्या पाठीवरचं माझं पांढरं फर मागच्या बाजूने कापलेलं होतं. मी जाब विचारला तर म्हणाला, “शेठ, पाठीला कोण बघतं?” बोलणं सुरू होण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची नुसती शांतता टिपायची हाही त्याचा नेम. जेट्टीवर एकदा त्याने होडीवाल्या आजोबांनाही उभं केलं. ते थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, “मास्तर, काय झालंय? कोन गेलं काय?”

आणि टाळी. त्याच्या पद्धतीत चित्र कॅमेऱ्यात जातं, आवाज वेगळ्या यंत्रात जातो, आणि नंतर दोन्ही जुळवायला एक खूण लागते. म्हणून कॅमेरा सुरू झाला की कुणीतरी समोर येऊन एकच खणखणीत टाळी मारायची. या टाळीने मला एका गिऱ्हाइकाच्या पायाशी नेऊन बसवलं असतं.

त्याचं असं झालं. पेणकडच्या एका ट्रकवाल्यांच्या घरचं लग्न समोरच्या डेकोरेटरकडे चाललं होतं. मी ते ‘व्हिडिओ शूटिंग आमच्याकडून भेट’ म्हणून ओढून आणलं. शूटिंग करणार साडूची मुलं, कारण त्यांना गर्दीत आवाज घ्यायचा सराव हवा होता. साडू खूश, गिऱ्हाईक खूश, मी तर फारच खूश. मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडे भटजींची झाली की घरची माणसं एकेक आपलं मंगलाष्टक म्हणतात, आणि सगळं संपलं की टाळ्या पडतात. बँडवाला मांडवाच्या मागे असतो. त्याला स्टेज दिसत नाही, तो टाळ्यांचीच वाट बघत असतो. नवरीच्या आत्याचं झालं, मावशीचं झालं. शेवटचा मान नवरीच्या मामांचा. तेवढ्यात एका कॅमेऱ्याची बॅटरी संपली. मुलांनी शिकवल्याप्रमाणे दुसरी घातली, कॅमेरा सुरू केला, आणि एक मुलगी पुढे येऊन, सरांनी सांगितलेली ती एकच, खणखणीत टाळी मारून गेली.

बँड सुरू झाला. बँड ऐकून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून भटजींच्या पोराने अंतरपाट सोडला. नवऱ्याने घाबरून हार घातला, उरलेल्या अक्षता सगळ्यांनी एकदम फेकल्या, बाहेर फटाके लागले आणि माणसं पंगतीकडे धावली. मामा स्टेजवर कागद हातात धरून उभेच.

ते सरळ माझ्याकडे आले. माणूस धिप्पाड, आवाज माझ्या स्पीकरसारखा. पण त्या वेळी आवाज बारीक झाला होता.

“शेठ, माझं मंगलाष्टक ऱ्हायलं. पोरीला आय न्हाय. माझी बहीन होती ती. तिचं नाव मी त्यात बांधलं होतं. आता काय ते बारशाला म्हनू?”

पलीकडे त्यांचे भाऊबंद बाह्या सरसावत होते. ही बातमी पेणला पोचली असती तर त्या पट्ट्यातलं एकही लग्न मला मिळालं नसतं. मी साडूला जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या मागे हेडफोन लावलेली प्राची उभी होती. तिनेच हेडफोन गळ्यात उतरवले आणि म्हणाली, “मामा, तुम्ही आता म्हणा. जिथे राहिलंय तिथे आम्ही बसवतो. नवरीच्या डोळ्यांसमोर अंतरपाट होता ते सगळं शूटिंग आमच्याकडे आहे.”

“बसवता म्हंजे?”

“म्हणजे बघणाऱ्याला कळणार नाही की तुम्ही नंतर म्हणालात.”

मामांना मांडवामागच्या सुपारीच्या वाडीत नेलं. साडूने मान वाकडी केली, माझ्या जनरेटरकडे बघितलं, आणि जाऊन तो बंद केला. भर दुपारी पाचशे माणसांच्या पंगतीवरचे पंखे थांबले. मी ओरडत वाडीत शिरलो तर प्राचीने, माझ्या मुलीने, माझ्याच मांडवात, ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. आयुष्यात मला असं कुणी केलेलं नाही. आणि मी गप्प झालो.

मामांनी म्हणायला सुरुवात केली. चाल वरखाली होत होती. बहिणीचं नाव आलं तिथे थांबले. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, परत घेऊ. कुणी हललं नाही. साडू काठी धरून उभा, काठी जागेवर. प्राची डोळे मिटून ऐकत होती. आपल्याला जो वेळ अडचणीचा वाटतो, तो तिने त्या माणसाला पुरता दिला. मग मामांनी नाव घेतलं आणि मंगलाष्टक पुरं केलं. पंगतीत लोक घामाघूम होऊन मला शिव्या घालत होते, त्याही मला स्पष्ट ऐकू येत होत्या.

फिल्म तयार झाल्यावर मामांचा फोन आला. “शेठ, चारदा बघितलं. पोरगी खाली मान घालून उभी हाय आन् माझा आवाज येतोय. तिला ऐकू गेलंय असंच वाटतंय.” मग त्यांनी मुलाच्या लग्नाचा मांडव माझ्याकडे दिला. घासाघीस न करता दिला, त्यामुळे मला मजा आली नाही ती गोष्ट वेगळी. आणि जाता जाता म्हणाले, “शूटिंगला तीच पोर पायजे.”

बारावी झाल्यावर प्राचीने घरात सांगितलं की तिला आवाजाचंच शिकायचं आहे, मोठ्या शहरात, तीन वर्षं. मी ताट सरकवलं. साडूला बोलावून घेतलं. बायको म्हणाली, “ओरडा. पण भावोजींना आधी चहा घेऊ द्या.” मी ओरडलो. दुकान कुणासाठी उभं केलं, मिठागरातून बाहेर यायला मला किती खस्ता खाव्या लागल्या, सगळं काढलं. साडूने चहाचा कप खाली ठेवला. एवढंच म्हणाला, “शेठ, उद्या आगरदांड्याच्या जेट्टीवर मुलांचं शूटिंग आहे. तुम्ही एकदा या.”

गेलो. दिघीहून फेरीबोट येत होती. मुलांनी कॅमेरे लावले होते, रोज पलीकडून कॉलेजला येणाऱ्या मुलींवर फिल्म चालली होती. प्राचीने हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. जेट्टीच्या फळ्यांना खालून पाणी चाटत होतं. दोरखंड ताणला जात होता तो कण्हल्यासारखा. बोट अजून लांब होती, आणि तिच्यावरच्या मुलींचं हसणं पाण्यावरून आधी येऊन पोचलं होतं. मी या किनाऱ्यावर जन्मलो. हे सगळं रोज इथेच होतं, आणि माझ्या धंद्यात ते ऐकायला कुणाला सवडच नव्हती. “पप्पा,” ती म्हणाली, “मी जाऊ ना?” मी भाव केला नाही. एकही अट घातली नाही. पहिल्या शब्दाला हो म्हणालो.

आता ती गेली आहे. चांगलं चाललंय तिचं, फोनवर बोलताना मध्येच म्हणते, पप्पा, मागे पाऊस लागलाय ना तिकडे? लागलेला असतो. दुकानात नवी माणसं येतात, भाव ताणतात, मीही ताणतो, पण शेजारून कुणी मला डोळ्याने खुणावत नाही की आता पुरे, गिऱ्हाईक जाईल. बायको म्हणते, खुर्ची काढून टाका, वाटेत येते. मी काढलेली नाही. आणि ज्याच्यामुळे हे झालं तो इसम दर रविवारी येऊन तिच्याच खुर्चीत बसतो, चहा पितो, आणि मान वाकडी करून मला सांगतो की दुकान हल्ली फार शांत आहे. साडूभाऊ, ते मलाही ऐकू येतं. याचा जाब तुम्हीच द्यायचा आहे. येत्या रविवारी द्या, चहाच्या आधी.