एका पुठ्ठ्यात तीस सिपारे

माझ्या धाकट्या भावाला वाचायची आवड नाही, समजावून सांगायची आहे. राहतो बदलापूर पूर्वेला शिरगावात, नव्या टॉवरमध्ये. कुठल्याशा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. अम्मी गेली त्याच्या आधीच्या वर्षी त्याला नवं वेड लागलं, कुराणाच्या रचनेचं. मोबाइलवर कुणा परदेशी प्राध्यापकाची व्याख्यानं बघायचा आणि रविवारी बेलवलीला आमच्याकडे जेवायला आला की तोंडातला घास गिळायच्या आधी शिकवायला लागायचा. अम्मी ऐकून घ्यायची. तो काहीही बोलला तरी तिला गोडच लागायचं.

"आपा, तुला माहितीये का, सूरा काळाच्या क्रमाने लावलेल्याच नाहीत!" मला म्हणाला एकदा. जसा काही हा शोध बदलापूर पूर्वेतच लागला होता. अरे बाबा, सूरा म्हणजे अध्याय, आणि सुरुवातीची छोटी दुआ सोडली तर ढोबळमानाने मोठे आधी, छोटे शेवटी, हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारण पोरं शिकतातच मुळी मागून पुढे. शेवटचा पारा, म्हणजे शेवटचा भाग आधी, त्यातल्या सूरा इवल्याइवल्याशा म्हणून. हाही तसाच शिकला. शिकला कसला, उस्तादांना चुकवून नदीवर पोहायला पळायचा आणि अम्मी त्याची बाजू घ्यायची.

त्याचं खरं प्रेम वर्तुळावर. सूरा जिथून निघते तिथेच वळून येते, पहिल्या गोष्टीला शेवटची गोष्ट साद देते, मधोमध गाभा असतो, असं तो टिश्यू पेपरवर काढून दाखवायचा. यात खोटं काही नव्हतं, तेच तर दुखणं. मी अंबरनाथला शाळेत मराठी शिकवते. (स्टाफरूममधल्या एक बाई अजून मला म्हणतात, "तुम्ही मराठी किती छान बोलता हो!" बेलवलीत जन्मले, मग काय जपानी बोलू?) एखादी रचना वळून पहिल्या ओळीवर आली की त्यात काहीतरी असतं, एवढं मलाही कळतं. पण ज्याने अख्खं कुराण कधी तोंडाने वाचलेलं नाही, त्याने त्याचा नकाशा काढून आईला दाखवावा? अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

आणि त्याचा एक शत्रूही होता. सिपारा.

सिपारा म्हणजे कुराणाचा तिसावा हिस्सा. महिन्याभरात रोज एक वाचून पुरं व्हावं म्हणून सारख्या मापाचे तीस भाग. ते मापाने पडलेत, अर्थाने नाही. सूरा चालू असते, गोष्ट रंगात आलेली असते, आणि मध्येच सिपारा संपतो. "कसली बांधेसूद रचना आहे, आणि आपले लोक तिचे तुकडे करून वाटतात!" तो म्हणायचा. "नाक्यावर मटण तोलून द्यावं तसं!" असं बोलताना समोर मटणच खात असायचा, ती गोष्ट वेगळी.

वाटतात हे मात्र खरं. आमच्यात कुणी गेलं की खत्म असतो. पेटीतून तीस सिपाऱ्यांच्या तीस वेगळ्या पातळ पोथ्या निघतात, ज्याच्या त्याच्या हाती एकेक जाते, आणि सगळे एकाच वेळी आपापला भाग वाचतात. तासाभरात अख्खं कुराण वाचून होतं, गेलेल्या माणसाच्या नावाने. कुणीच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत नाही, पण खोलीत सगळं वाचलेलं असतं. अम्मीकडे अशी एक पेटी होती, पत्र्याची, हिरवी. मोहल्ल्यात कुणाकडेही खत्म असला की पेटी आमच्या घरून जायची, आणि पेटीबरोबर अम्मी आणि खाला.

खाला म्हणजे अम्मीची धाकटी बहीण. राहते उल्हासनगरला, कॅम्प पाचात, घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम करते. ढिगाने पँटी येतात, शिलाईची लोंबती टोकं छोट्या कटरने छाटायची. जन्मभर हेच केलं. अम्मीचा सिपारा ठरलेला, पंधरावा. खालाचा सोळावा. त्यांना दुसरा कुणी द्यायचंच नाही.

त्याला कारण होतं. पंधराव्याच्या शेवटी एक गोष्ट येते. एक पैगंबर एका अनोळखी जाणत्यामागून वाटेला लागतात. अट एकच, मी काही करेन त्याबद्दल विचारायचं नाही. वाटेत तो जाणता असं काही भयंकर करतो की यांना राहवत नाही, हे जाब विचारतात. आणि नेमका तिथे पंधरावा संपतो, प्रश्न तोंडात असताना. सोळावा सुरू होतो तो त्या जाणत्याच्या उत्तराने: माझ्यासोबत तुला धीर धरवणार नाही, हे तुला सांगितलं नव्हतं का?

सगळ्यांनी एकदम सुरू करायचं असतं. खाला करायची नाही. पोथी मांडीवर बंद ठेवून अम्मीचं पुरं होईपर्यंत बसून राहायची. अम्मी वाचणार सावकाश. बाकीच्यांचं उरकलेलं, पुलावाचा वास सुटलेला, पोरं किरकिर करतायत, आणि या दोघी आपल्या तिथेच. कुणी बोललं की खाला म्हणायची, "तिने विचारल्याबिगर मी जवाब कसा देऊ?" आम्ही हसायचो. त्या दोघींना हसण्याचं काही पडलेलं नसायचं.

अम्मी गेली तेव्हा दफन झाल्यावर खालाने मला बाजूला घेतलं. तिला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "चाळिसाव्या दिवसाच्या खत्माला माझा सोळावा मला दे," ती म्हणाली. "ती जुनी पोथी. मोठ्या अक्षराची. पुढच्या साली मला दिसेल का, अल्ला जाणे. तिच्यासाठी एकदा वाचते, मग डोळे गेले तर जाऊ दे." मी हो म्हटलं. मला वाटलं, यात अवघड ते काय आहे.

पेटी भावाने नेली. "पोथ्या किती जीर्ण झाल्यात बघ, मी नीट करून आणतो." अम्मी नुकतीच गेलेली, त्याचा चेहरा उतरलेला, मी नको म्हटलं नाही.

चाळिसाव्याला दुपारी बायका जमल्या. चादर अंथरली, उद लावला, सगळ्या हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून बसल्या. खाला भिंतीला टेकून बसलेली, शेजारची जागा रिकामी सोडून. कुणी तिथे बसायला गेलं की हाताने उठवायची. मग आमचे बंधुराज आले. पेटी नव्हती. मखमली कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी सांभाळत आले आणि उंबऱ्यातच उभं राहून कापड उलगडलं. आत एक भलाथोरला ग्रंथ. हिरवं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं.

"तीसच्या तीस एकत्र बांधून घेतले," तो म्हणाला. "आता एकही सूरा तुटणार नाही. अम्मीला माझ्याकडून."

बायकांनी माना वर करून पाहिलं. शेवटी शेजारच्या चाची म्हणाल्या, "माशाल्ला. आणि आमचे?"

"तुमचे कुठले?"

"वाचायचे."

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. इतक्या बायका आणि पुस्तक एक. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! मला हसू आलं आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. रचनेचा एवढा मोठा जाणकार, पण ही रचना माणसांच्या हातात जायला केली होती, ही साधी गोष्ट त्याच्या टिश्यू पेपरवर कधी आलीच नव्हती. मशिदीतली पेटी मागवायला पोराला पिटाळलं, तर ती त्या दिवशी वांगणीला दुसऱ्या खत्माला गेलेली.

"मोबाइलवर आहे ना सगळ्यांच्या," साहेब म्हणाले. "ॲप उघडा, नंबर वाटून घ्या. सिंपल."

तरुण मुलींनी मोबाइल काढलेही. खालाने काढला नाही. तिच्याकडे बटणांचा आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मला बघवलं नाही. लहान मुलाच्या हातातलं काढून घेतल्यावर येतं तसं. मला इतका संताप आला की त्याला सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझ्या वर्तुळात घाल हे पुस्तक, आणि तूही जाऊन बस मधोमध!"

"आरडू नको," खाला म्हणाली. "आन इकडं." ग्रंथ चादरीवर ठेवायला लावला. तळहाताने पाठ चाचपली, मग पिशवीतून धागे कापायचा कटर काढला.

"तौबा, तौबा!" चाची ओरडल्या. "कुराणाला कैची लावतेस?"

"हर्फाला, अक्षराला हात लावते का मी? शिलाई उसवते. जनम गेला माझा त्यात."

भाऊ पुढे झाला. "खाला, अगं किती मेहनतीने..."

"चूप."

ती उसवत गेली. डोळ्याने नाही, बोटांनीच. टाका सापडायचा, कटर कुटकन वाजायचा, एक पोथी सुटायची. मी सुटलेली पोथी कपाळाला लावून पुढे द्यायची. कागदाला एक ओरखडा गेला नाही. पाठीचा डिंक तेवढा सोलून निघाला आणि सोनेरी अक्षरांचं रेक्झिन पोकळ होऊन बाजूला पडलं. सोळावा निघाल्यावर तिने तो मांडीवर घेतला, बंदच ठेवला, आणि बाकीचे सोडवले.

सगळ्यांना वाटून झालं. पंधरावा उरला. कुणी उचलेना. मी हात पुढे केला तर खालाने माझ्या हातावर चापट मारली. पोथी भावाकडे धरली आणि शेजारची रिकामी जागा थोपटली.

"मला?" तो म्हणाला. "खाला, मला सवय नाही. खूप वेळ लागेल."

"लागू दे. तिलापण लागायचा."

बसला. वाचायला लागला. अहाहा, काय ते वाचन! गाभा शोधणारा माणूस सरळ ओळीत ठेचकाळत होता. कुठे ओढायचं ते आखडायचा, कुठे थांबायचं तिथे धावायचा. चुकला की खाला गुडघ्याने ढोसायची, तो मागे जायचा. सगळ्यांचं वाचून झालं, उद विझला, पुलाव गार झाला. एक बाई उठायला लागली, तिला चाचींनीच पदर ओढून बसवलं. भाऊ घामाने भिजला होता. मला त्याची कीव यायला हवी होती. नाही आली, खरं सांगते. मजा येत होती.

मग तो शेवटच्या पानावर आला, प्रश्न विचारला गेला, आणि पोथी संपली. त्याने पान उलटलं. पुढे काहीच नव्हतं.

"अम्मी इथेच थांबायची?" त्याने विचारलं.

"हितंच. जनमभर."

"आणि पुढचं?"

"पुढचं माझ्याकडनं ऐकायची."

तो रडायला लागला. मोठ्याने, नाक ओढत, लाज सोडून. खालाने त्याला रडू दिलं नाही. पोथी उघडून डोळ्यांजवळ, नाकाला टेकेल इतकी धरली आणि म्हणाली, "आता धीर धर. जवाब आहे हा."

तिने वाचायला घेतलं. माझा भाऊ अम्मी बसायची तसा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला, आणि सबंध सोळावा सिपारा संपेपर्यंत त्याने कुणाला काही समजावून सांगितलं नाही.