देवाला ‘की’ चालत नाही

मृणाली पाटील रोह्याजवळच्या वरसे गावात, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. वय चौतीस. रोह्यातल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये बारा वर्षं कामाला आहे. टाकीतून बाटलीत नमुना आला की तपासायचा आणि आकडा लिहून द्यायचा, एवढंच काम. पण बाईला आकड्यावर थांबता येत नाही. एकदा हळदीकुंकवाला आली, तर वाण घ्यायच्या आधी मला विचारते, “काकू, हळदीला चुना लागला की ती लाल का होते, माहित्येय?” मी शाळेत मराठी शिकवलेलं. कुंकू लावते रोज, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

यंदा तिच्यासमोर दोन अर्ज होते. एक पर्यावरणशास्त्रातल्या एम.एस्सी.चा. दोन वर्षं, घरी बसून अभ्यास. दुसरा औद्योगिक सुरक्षेच्या डिप्लोम्याचा. एकच वर्ष, पण दर शनिवार-रविवार पेणला वर्गात हजेरी. तीन पाळ्यांची नोकरी, नवरा प्रवीण जहाजावर, मुलगी अनन्या आठ वर्षांची. दोन्ही होण्यासारखं नव्हतंच. आणि दोन्हींची शेवटची तारीख एकच, सोमवार.

तिचे वडील पुंडलिकबाबा पेणच्या खाडीकडचे, जन्म मिठागरात गेलेला. अर्जावरचा ‘पदविका’ हा शब्द त्यांनी बोट लावून वाचला आणि म्हणाले, “तुजी पदवी झालेली हाय ना गो? मग आता पदविका कशाला? मोठा टोप उतरवून वाटी चढवतंस व्हय चुलीवर?” तेव्हापासून तिचं मन एम.एस्सी.कडे झुकलं. पण पुरतं झुकेना. का झुकेना, तेही तिला कळेना.

शेवटी रविवारी तिची सासू बायजाबाई म्हणाली, “चल, देवाला कौल लावू.” खांब गावाच्या पुढे आत एका वाडीत त्यांचा देव आहे. मलाही सोबत घेतलं. मी अशा वेळी नाही म्हणत नाही; दर्शन तरी होतं.

कान्हू गुरव कळ्या भिजवून तयारच बसले होते. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि हात जोडून वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

“बोल, काय विचारू?”

“एम.एस्सी. करू की डिप्लोमा करू?”

गुरव हसले. “देवाला ‘की’ चालत नाय गो. एक काय ते विचार. व्हय नायतर नाय.”

बायजाबाई कुजबुजली, “मोठी पदवी विचार ना.” मृणालीने तोंड उघडलं नि परत मिटलं.

“बरं, मला सांग,” गुरव म्हणाले, “तुझं अडलंय काय? अडल्याशिवाय हितं कोण येत नाय.”

ती कळ्यांकडे बघत म्हणाली, “गेल्या श्रावणात टाकी धुताना आमच्याकडचा एक माणूस चक्कर येऊन पडला. वाचला बिचारा. नमुना मीच तपासला होता. आकडा बरोबर होता. मग आत वायू आला कुठून? मी विचारायला गेले, तर साहेब म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही आकडा द्या, बाकी आमचं आम्ही बघू.’ अजून मला कळलेलं नाही. तेच अडलंय.”

“मग एम.एस्सी. झाल्यावर सांगतील का तुला?” मी विचारलं.

“नाही हो काकू. तेव्हाही मी लॅबमध्येच. डिप्लोमा करून सुरक्षा अधिकारी झाले तर मात्र...” ती थांबली. “तेव्हा विचारणं हेच माझं काम. त्यांना उत्तर द्यावंच लागेल.”

गुरवांनी कळ्या पुन्हा पाण्यात सोडल्या. “हे तुझं तुलाच ठाव होतं की! कौल कशाला लावतंस?”

“लावा ना, पण दुसऱ्या गोष्टीचा,” मृणाली खाली बघत म्हणाली. “वर्षभर शनिवार-रविवार आई अनन्याला सांभाळतील का?”

बायजाबाई उसळलीच. “माज्या नावाचा कौल? मी काय दगडाची हाय? हितं बसलंय ना मी जित्तीजागती, मला विचार की!”

“विचारायचा धीर होत नव्हता, आई.”

“साहेबाला विचारायला धीर हाय, नि मला नाय!” म्हातारी पदर सावरत उठली. “सांभाळीन. पण माज्या मालिकेच्या टायमाला पोरीला अभ्यासाला बसवायचं माज्यानं व्हणार नाय. आत्ताच सांगते.”

गुरवांनी त्या कळ्या देवाच्या पायांवर वाहिल्या नि आम्हाला प्रसाद दिला.

सोमवारी तिने डिप्लोम्याचा अर्ज भरला. एम.एस्सी.चा कोरा राहिला. त्याचं तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पुंडलिकबाबांना तर अजून पटलेलं नाही.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी ती पेणहून आली, तेव्हा मी खालीच बसले होते. बायजाबाईने चहा पुढे केला. “काय शिकवलान आज?”

“अपघात झाला की ‘कोणी केलं’ असं आधी विचारायचं नाही. ‘कसं झालं’ असं विचारायचं.”

म्हातारीने दाराकडे नजर टाकली.

“ह्यो नियम घरात पण लागू हाय का गो? दुपारी लोणच्याची बरणी फुटली.”

मृणालीने चहा खाली ठेवला. “कशी फुटली?”

अनन्या दाराआडून पुढे आली, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.