नागुबाईच्या नावाचं कापड

सोनपेठात मोंढ्याच्या मागल्या गल्लीत सांबप्पाचं किराणा दुकान. दुकानाच्या मागं घर, आणि घराच्या शेवटच्या खोलीत खिडकीखाली, दुपारची भांडी उरकली की त्याची बायको त्रिवेणी सुई घेऊन बसायची. मांडीवर मांजरपाटाचा लांबच लांब पट्टा. त्यावर रोज एक चित्र, फार तर सुपारीएवढं. नळाला पाणी आलं त्या दिवशी निळी घागर. दुकानात उंदरानं साबण कुरतडला, तर दातांचे वळ उठलेली साबणाची वडी. आणि ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवशी नुसता एक गाठी टाका, ज्वारीच्या दाण्याएवढा. असले दाणे त्या कापडावर लय होते. ओळीच्या ओळी दाणेच.

हे खूळ मुळात तिच्या लेकीचं. ईश्वरी नववीत असताना तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. मग एसटीनं परभणी, परभणीच्या दवाखान्यात मशीन, आणि त्या मशीनपाशी तासन् तास पडून राहणं. मोबाइलवर कुण्या लांबच्या बाईचं पोरीनं बघितलं. ती बाई रोजचा दिवस दोऱ्यानं कापडावर मांडून ठेवायची.

"आई, आपण बी करू की. इथं निस्तं छत बघून डोळे फुटायलेत माझे."

पोरीच्या डाव्या हातात नळ्या. म्हणून आईनं एका हातानं कापड ताणून धरायचं, पोरीनं उजव्या हातानं वरून सुई टोचायची, खालून आईनं ती ओढायची आणि परत वर द्यायची. एका टाक्याला मायलेकींचे तीन हात. त्यामुळं एकही टाका सरळ पडला नाही. एसटीची चाकं अंड्यांसारखी झाली. मशीनला पोरीनं सोंड काढली, खालून शेपूट लावलं आणि नर्सबाईला दाखवून म्हणाली, "तुमचा हत्ती लय रगत पितो." शेवटचं चित्र संत्र्याचं. तिला संत्रं खायची मनाई होती. ते अर्धं भरून झालं आणि ती गेली.

दिवस झाल्यावर घरच्यांनी तिचं सगळं वाटून टाकलं. कपडे, दप्तर, सायकल. डोळ्यापुढं राहिलं की जीव झुरतो, असं जो तो म्हणत होता, आणि म्हणणाऱ्यात सांबप्पा पुढं होता. त्रिवेणीनं कापड तेवढं पिठाच्या डब्यामागं दडवलं. अर्धं संत्रं तिनं तसंच ठेवलं. त्याच्या शेजारी एक दाणा भरला, आणि तिथनं पुढं रोज.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एके दिवशी सासू, नागुबाई, चाचपडत खोलीत आली. मोतीबिंदूनं तिला सावलीपलीकडं दिसत नव्हतं, पण बोटं शाबूत होती. बोटांना कापड लागलं.

"कुणाला भरायलीस गं हे?"

त्रिवेणीनं कापड जवळ ओढलं. आता हे बाहेर जाणार, मग सांबप्पाकडं, मग कुणाच्या तरी बोचक्यात.

म्हातारीनंच वाट काढली. "माझ्या समाधीचं हाय ना? बसवत्याल तवा अंगावर घ्यायला?"

त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवून पुरतात, आणि काही म्हाताऱ्या त्या वेळचं कापड जिवंतपणीच करून ठेवतात. नागुबाईचं मन त्यात कधीचं अडकलेलं.

"हाव, आत्याबाई," त्रिवेणी म्हणाली.

तेवढ्या एका 'हाव'नं घर बदललं. कापड पिठाच्या डब्यामागून पेटीत आलं. दुपारी तिला कुणी हाक मारीना. सांबप्पा माल आणायला परभणीला गेला की आठवणीनं रेशमाच्या लडी आणायचा. नागुबाई गल्लीत सांगत सुटली, आणि रोज संध्याकाळी कापडावर बोटं फिरवून चौकशी करू लागली.

"हे काय?"

"घागर."

"घागर कशाला?"

"तिकडं तहान लागली तर."

"आन् हे?"

"साबण."

"म्हंजी तिकडं बी आंघोळ चुकत न्हाई म्हण," म्हातारी म्हणायची आणि बोळक्या तोंडानं हसायची. त्रिवेणीलाही हसू यायचं. खरं सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. पण म्हातारीचा आनंद बघून जीभ उचलली नाही. म्हातारी आणखी लय वर्षं जगेल, कापडाची वेळ यायचीच नाही, असंच काहीतरी त्रिवेणीनं मनाशी धरलं होतं.

नागुबाई पौषात गेली. बोरीहून नणंद मनकर्णा आली. मायला न्हाऊ घातलं, अंगभर भस्म लावलं, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. बाहेर भजन चालू झालं.

"वैनी, मायचं कापड आण."

"आजून पुरं झालं न्हाई, अक्का."

"आता कुणाला पुरं करायचंय? आण."

त्रिवेणी हलेना, तसं मनकर्णानं स्वतःच पेटी उघडली. कापड बाहेर आलं तशा बाया पुढं सरकल्या. शेजारची सरजाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "लेकीनं केलं नसतं ते सुनेनं केलं बाई." मनकर्णाला ते लागलं असणार, पण तिनंही भावजयीच्या पाठीवरून हात फिरवला.

त्रिवेणी दारात उभ्या सांबप्पाकडं गेली.

"अवो, त्यात पैलं हातभर ईश्वरीचं हाय. तिच्या हातचं. तेवढं कापून घेऊ द्या."

"ईश्वरीचं कशाचं?"

तिनं सांगितलं. चार वाक्यांत सांगून झालं. सांबप्पानं वळून बघितलं. आत मनकर्णानं कापड मायच्या खांद्यावरून घेतलं होतं.

"मायच्या अंगावरचं आता कापायचं? लोकं बसलेत भाईर." मग त्याचा आवाज उतरला. "मला तरी सांगायचं होतंस की."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का तुमी?"

तेवढ्यात विधीला आलेल्या स्वामींनी हाक मारली आणि तो गेला.

ओरडावं, झोंबावं, हिसकावून घ्यावं, सगळं तिच्या हातापायात येऊन गेलं. पण समोर म्हातारी ताठ बसलेली, अंगावर तिच्या विश्वासाचं कापड. हे तुझं नव्हतंच, असं त्या मिटल्या डोळ्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? बाया येऊन त्रिवेणीच्याच पाया पडत होत्या.

खड्ड्याच्या काठावर तिला जागा दिली, मानानं, पुढची. नागुबाईला आत कोनाड्यात बसवलं तेव्हा अंड्यांच्या चाकांची एसटी खांद्यावर होती आणि अर्धं संत्रं बरोबर छातीवर. बेलपानं पडली, भस्म पडलं. मग मीठ. हत्ती आधी गेला. संत्रं बराच वेळ वर दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात सरजाबाई दोन मीटर मांजरपाट घेऊन आली.

"माझ्या सुनेला मोबाइलातून फुरसत न्हाई. माझं बी तूच भर. तुला हात बसलाय."

त्रिवेणीनं कापड ठेवून घेतलं. दुपारी खिडकीखाली बसली आणि एसटी काढायला घेतली, ईश्वरीची, आठवून आठवून. चाक गोल आलं. उसवलं. परत भरलं, परत गोल. डोळे मिटून टोचलं, बोटाला रक्त आलं, चाक गोलच. इतक्या वर्षांत तिचा हात चुकायचंच विसरला होता.

सांबप्पा पाणी प्यायला आत आला. तिथंच उभा राहिला. मग खाली बसला आणि काही न विचारता त्यानं कापडाचं टोक ताणून धरलं. तिनं वरून टोचलं. खालून त्यानं सुई ओढली, दुकानात सुतळी ओढतो तशी, आणि वर दिली. असं चाकभर चाललं. चाक वाकडं झालं. लय वाकडं. पण ईश्वरीचं वाकडं ते नव्हतं.

तिनं सुईच्या टोकानं एकेक टाका उसवला.

"परत धरू का?" त्यानं विचारलं.

"नका," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलंय बगा."